बाळंतपण कुणाचे, नियम कुणाचे?

रुग्णालयात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण राज्यात ९५ टक्क्यांच्या घरात गेले आहे. मात्र जन्मानंतरच्या पहिल्या तासात बाळाचे काय होणार, हे अजूनही आईला विचारून ठरत नाही. 'बर्थ प्लॅन' घेऊन येणारी शहरी गर्भवती आणि दिंडोरीच्या पश्चिम पट्ट्यातली आदिवासी माता या दोघींना सारखाच लागू पडणाऱ्या या प्रश्नाचा वेध.

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत दिंडोरी तालुक्यात आजही पाळली जाते. लग्नानंतर पुण्या-मुंबईत स्थिरावलेली लेक ओटीभरण उरकून सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते. तिच्यासोबत तपासण्यांची फाइल येते आणि अलीकडे काही जणींच्या फाइलीत आणखी एक कागद असतो. त्याला 'बर्थ प्लॅन' म्हणतात. कळा सुरू असताना हिंडू-फिरू द्यावे, आई किंवा पती जवळ असावा, गरज नसताना छेद घेऊ नये, नाळ घाईने कापू नये, बाळ जन्मताच छातीवर ठेवावे, त्याला लगेच अंघोळ घालू नये, विचारल्याशिवाय वरचे दूध देऊ नये, अशा अपेक्षा त्यात क्रमवार लिहिलेल्या असतात.

याच तालुक्यातील द्राक्षबागांत हंगामाच्या काळात सुरगाणा आणि पेठ भागातून मजूर कुटुंबे येतात. त्यांच्यातही गर्भवती असतात. त्यांच्याकडे असा कागद नसतो. असते ते सरकारी माता-बाल संरक्षण कार्ड. प्रसूतीची अंदाजे तारीख, तपासण्या, लसी आणि धोक्याची लक्षणे यांची माहिती त्यावर असते. बागाईतदाराची लेक आणि बागेतील मजूर स्त्री यांच्यात परिस्थितीचे कितीही अंतर असो, प्रसूतिकक्षाचे दार बंद झाले की दोघींची अवस्था फारशी वेगळी उरत नाही. आत काय होणार, हे रुग्णालयाची रीत ठरवते.

ही रीत कितपत शास्त्राला धरून आहे आणि कितपत केवळ सोयीची, हा या वादाचा गाभा आहे.

एक शब्द, दोन अर्थ

'बर्थ प्लॅन' ही कल्पना मूळची अमेरिकेतली. प्रसूतिशिक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या पेनी सिम्किन यांनी १९८० मध्ये ती पुढे आणली. तेथील रुग्णालयांत त्या काळी बाळंतिणीला गुंगी देणे, पतीला बाहेर ठेवणे आणि बाळाला जन्मताच वेगळ्या खोलीत नेणे हा शिरस्ता होता. त्याविरुद्ध आपले म्हणणे आधीच लेखी मांडण्याचे साधन म्हणून हा आराखडा रूढ झाला.

भारतातही प्रसूतीचा आराखडा आहे, पण त्याचा अर्थ निराळा आहे. एप्रिल २००५ मध्ये केंद्राने जननी सुरक्षा योजना सुरू केली. तिच्यात 'आशा' कार्यकर्तीने प्रत्येक गर्भवतीसाठी 'सूक्ष्म जन्म नियोजन' करावे, अशी तरतूद आहे. संभाव्य तारीख कोणती, प्रसूती कोठे होणार, वाहन कोणते, गुंतागुंत झाल्यास पुढे कोणत्या रुग्णालयात न्यायचे, यांची ती आखणी आहे. तिचा हेतू स्पष्ट होता. बाळंतीण वेळेवर रुग्णालयात पोहोचली पाहिजे.

हा हेतू बऱ्याच अंशी सफल झाला, हे मान्य करावे लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात ६४.६ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांत होत होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ९४.७ टक्के झाले. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० या काळात राज्यातील माता मृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, देशाचे ९७. नवजात मृत्युदर २०२० मध्ये राज्यात हजारी ११, तर देशात २० होता. रुग्णालयातील प्रसूतीला नावे ठेवण्यापूर्वी हे आकडे डोळ्यांसमोर असले पाहिजेत.

मात्र त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे आणि तो अस्वस्थ करणारा आहे. जन्मानंतर तासाभराच्या आत स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण राज्यात २०१५-१६ मध्ये ५७.५ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५३.२ टक्क्यांवर आले. म्हणजे रुग्णालयातील प्रसूती वाढल्या आणि पहिल्या तासातले स्तनपान मात्र घटले. याच काळात सिझेरियनचे प्रमाण २०.१ वरून २५.४ टक्क्यांवर गेले, हेही लक्षात घ्यायला हवे. आई रुग्णालयात पोहोचली, डॉक्टर आणि परिचारिका तिच्याजवळ होत्या, तरीही जवळपास निम्म्या बाळांना पहिला तास आईच्या दुधाविना काढावा लागला. रुग्णालयाच्या दारापर्यंतचा आराखडा आपण केला, दाराच्या आतला मात्र करायचा राहून गेला, असाच याचा अर्थ होतो.

पहिल्या तासात काय घडते?

अनेक प्रसूतिगृहांतील नेहमीचा क्रम पाहू. बाळ बाहेर येते, नाळ लगेच चिमटे लावून कापली जाते. बाळाला उष्णता देणाऱ्या यंत्राखाली नेले जाते. पुसणे, वजन, ओळखपट्टी, इंजेक्शन हे सोपस्कार होतात. मुलगा की मुलगी हे आईला सांगून, क्षणभर तोंड दाखवून बाळ बाहेर थांबलेल्या नातेवाइकांच्या हाती दिले जाते. आत वार पडण्याची वाट पाहिली जाते, टाके घातले जातात. आई आणि बाळ पुन्हा एकत्र येतात ते दोघांना वॉर्डात हलवल्यावर. सिझेरियन असेल तर आणखी उशिरा.

यातील बहुतेक पायऱ्यांविषयी शास्त्राचे म्हणणे आता वेगळे आहे. बाळ रडत असेल, श्वास नीट घेत असेल, तर नाळ किमान एक मिनिट थांबून कापावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्या अवधीत वारेतील रक्त बाळाकडे जाते आणि पुढच्या काही महिन्यांसाठी त्याचा लोहाचा साठा वाढतो. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळलेल्या महाराष्ट्रात या एका मिनिटाचे मोल वेगळे सांगायला नको. त्यासाठी ना यंत्र लागते, ना औषध.

निरोगी बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घातले, तर त्याचे शरीर तापमान टिकते, श्वास स्थिरावतो आणि ते स्वतःच स्तनाकडे वळते. यंत्राची ऊब ही ज्या बाळाला मदतीची गरज आहे त्याच्यासाठी. निरोगी बाळाची शेगडी म्हणजे त्याची आई. अंघोळ किमान २४ तास पुढे ढकलावी, हीही याच संघटनेची शिफारस. वजन, लस, इंजेक्शन यांपैकी कशालाच तासाभराची घाई नसते. केंद्र सरकारने नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमातून २००९ पासून, तर 'मा' या स्तनपान प्रोत्साहन कार्यक्रमातून २०१६ पासून याच दिशेने आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण सुरू केले.

सोबतीच्या व्यक्तीचेही तसेच. प्रसूतीत सतत कुणाची तरी साथ लाभलेल्या स्त्रियांविषयी २६ चाचण्यांचा आणि सुमारे १६ हजार महिलांच्या नोंदींचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशी साथ असेल तर कळांचा काळ काहीसा कमी होतो आणि सिझेरियनची शक्यता घटते, असा त्याचा निष्कर्ष आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत 'जन्मसोबती'ला मुभा दिली. स्वतः बाळंतपण अनुभवलेली, संसर्गजन्य आजार नसलेली नात्यातील स्त्री, स्वच्छ कपड्यांत, कामात हस्तक्षेप न करता सोबत राहू शकते, असे हे सूत्र आहे. जिथे खासगीपणा राखण्याची सोय आहे, तिथे पतीलाही मुभा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' या प्रसूतिकक्ष सुधारणा कार्यक्रमातही सन्मानपूर्वक वागणूक हा एक निकष आहे.

तेव्हा बर्थ प्लॅनमधील बहुतेक मागण्या या परदेशी चोचले नाहीत. त्या सरकारच्याच मार्गदर्शक सूचना आहेत. फरक इतकाच की, शहरी स्त्रीने त्या वाचलेल्या असतात आणि प्रसूतिकक्षातील भिंतीवर त्या फक्त चिकटवलेल्या असतात.

प्रत्येक इच्छा योग्यच असते का?

याचा अर्थ आईने किंवा घरच्यांनी जे म्हणावे ते रुग्णालयाने निमूट मान्य करावे, असा मात्र नाही. या वादाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे.

'नैसर्गिक' या शब्दाच्या मोहापायी काही सुशिक्षित पालक जन्मानंतर दिले जाणारे 'के' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन नाकारतात. नवजात बाळाच्या शरीरात या जीवनसत्त्वाचा साठा अगदी अपुरा असतो आणि आईच्या दुधातूनही ते फार कमी मिळते. त्याच्या अभावी रक्त गोठत नाही. काही बाळांत काही आठवड्यांनी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. एक मिलिग्रॅमच्या एका इंजेक्शनने हा धोका टळतो. क्षयरोगावरील बीसीजी, पोलिओचे थेंब आणि २४ तासांच्या आत द्यायची कावीळ-'ब'ची लस यांचेही असेच. इंजेक्शन बाळ आईच्या छातीवर असताना द्या, तासाभराने द्या, ही मागणी रास्त आहे. ते देऊच नका, हा हट्ट बाळाच्या जिवाशी खेळ ठरू शकतो.

गावाकडच्या इच्छा वेगळ्या असतात. त्या कागदावर नसतात, आजीच्या पिशवीत असतात. बाळाला पहिले बोट मधाचे चाटवायचे, गुळाचे पाणी द्यायचे, घुटी उगाळायची, पहिले चिकाचे दूध 'जड' म्हणून पिळून टाकायचे, नाळेला तेल-हळद लावायची, या समजुती अजून पुरत्या गेलेल्या नाहीत. पहिला चीक म्हणजे बाळाला मिळणारे पहिले संरक्षण. तो टाकणे म्हणजे हाती आलेले औषध ओतून देणे. मधातून घातक जंतू जाण्याचा धोका असतो. या बाबतीत परिचारिकेने ठाम राहिलेच पाहिजे.

गंमत अशी की, याच आजीच्या परंपरेत शहरी बर्थ प्लॅनमधील निम्म्या मागण्या आधीपासून आहेत. बाळंतिणीच्या खोलीत सुईण आणि घरची वडीलधारी बाई सतत सोबत असे. बाळ आईच्या कुशीतच राही. त्याला वेगळे ठेवण्याची कल्पनाही कुणाला शिवली नसती. कळा येत असताना उकिडवे बसणे, दोरीला धरून उभे राहणे हेही होते. रुग्णालयाने या परंपरेतील घातक भाग काढून टाकला, हे फार चांगले झाले. पण त्याच झाडणीत चांगला भागही केरात गेला आणि आता तो परदेशी नावाने परत येत आहे.

रुग्णालयाचीही एक बाजू आहे

परिचारिका निष्ठुर असतात म्हणून हे घडते, असा निष्कर्ष काढणे सोपे, पण अन्यायाचे ठरेल. दिंडोरी तालुक्यात दिंडोरी आणि वणी येथे ग्रामीण रुग्णालये आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. मात्र अडलेल्या बाळंतिणीला किंवा अत्यवस्थ बाळाला अखेर नाशिकची वाट धरावी लागते. तालुक्याच्या ठिकाणाहून नाशिक पंचवीसेक किलोमीटरवर. ननाशी परिसरातल्या पाड्यांवरून ते अंतर कितीतरी वाढते. रात्रपाळीला एकच परिचारिका आणि एकाच वेळी दोन प्रसूती, अशी स्थिती असेल तर तासभर आई-बाळावर लक्ष कोण ठेवणार? छातीवर ठेवलेल्या बाळाच्या श्वासावर नजर लागतेच. बाळ यंत्राखाली ठेवले की एक काळजी कमी होते. सोय इथून सुरू होते आणि हळूहळू तिचा नियम बनतो.

गर्दीचे टोक काय असते, हे जिल्ह्याने पाहिले आहे. ऑगस्ट २०१७ या एका महिन्यात नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षात ५५ बालके दगावल्याची माहिती पुढे आली आणि राज्यभर खळबळ उडाली. अनेक बालके शेवटच्या क्षणी, अत्यवस्थ अवस्थेत अन्य रुग्णालयांतून आणली गेली होती, अशी बाजू प्रशासनाने मांडली. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयात अशाच कक्षाला आग लागून दहा नवजात बालकांचा अंत झाला. ज्या व्यवस्थेवर इतका ताण आहे, तिथे 'माझ्या पसंती' हा शब्दच चैनीचा वाटू शकतो.

खासगी रुग्णालयांची अडचण वेगळी. काही बिनसले तर नातेवाईक अंगावर येतील, दावा होईल, ही धास्ती तेथे असते. म्हणून ठरलेल्या चाकोरीतून बाहेर पडायला डॉक्टर धजावत नाहीत. त्यात पाच-सहा महिने पुण्यात तपासलेली स्त्री शेवटच्या दोन महिन्यांत माहेरच्या डॉक्टरांकडे येते. तिने आधीच्या डॉक्टरांशी काय ठरवले होते, हे नव्या डॉक्टरांना ठाऊक नसते. जाणून घ्यायला सवडही नसते. माहेरच्या बाळंतपणाची रीत आईला मायेची माणसे देते, पण डॉक्टरांशी जुळलेले नाते मात्र ऐन वेळी तोडते.

उत्तर महाराष्ट्रातच आहे

मनुष्यबळ कमी म्हणून आईला दूर ठेवायचे, हा तर्क मात्र महाराष्ट्रानेच फार पूर्वी खोटा ठरवला आहे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी परिचारिका अपुऱ्या पडतात म्हणून आयांनाच नवजात कक्षात आणले आणि बाळाच्या देखभालीत सामील करून घेतले. याच रुग्णालयात १९८९ मध्ये मातृदुग्ध पेढी सुरू झाली. आशियातील ती पहिली मानली जाते. स्तनपानाचा देशभर पुरस्कार करणाऱ्या 'बीपीएनआय' या संस्थेची स्थापना १९९१ मध्ये वर्ध्यात झाली.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत, गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची घरीच देखभाल करून दाखवली. नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अहवाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. आज 'आशा' बाळाच्या जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते, ती या प्रयोगाचीच देशव्यापी आवृत्ती. केंद्राने ती २०११ मध्ये स्वीकारली.

अत्यवस्थ बाळालाही आईपासून तोडू नये, इथवर आता शास्त्र आले आहे. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांतील रुग्णालयांत एक ते १.८ किलो वजनाच्या बाळांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. जन्मानंतर लगेच आईच्या त्वचेशी ठेवलेल्या बाळांत मृत्यूचे प्रमाण २५ टक्क्यांनी कमी आढळले. नवजात कक्षात कुटुंबाला सहभागी करून घेण्याच्या केंद्राच्या सूचना तर २०१७ पासूनच आहेत. आई ही कक्षात अडचण करणारी पाहुणी नव्हे. ती तिथली सर्वात कामाची व्यक्ती आहे.

विचारणे हाच पहिला उपचार

कायद्याची भूमिकाही स्पष्ट आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निर्वाळा दिला की, एका उपचाराला दिलेली संमती दुसऱ्या उपचाराला लागू होत नाही. जीव वाचवण्याची निकड असेल तरच अपवाद. रुग्णालयात दाखल होताना घाईघाईत घेतलेली एक सही म्हणजे पुढच्या सर्व गोष्टींना होकार, असे मानण्याची सवय या निकालाशी विसंगत आहे. 'घातलेली सही कुणाची' हाही प्रश्नच. ती अनेकदा पतीची किंवा सासऱ्याची असते.

दिंडोरी लोकसभा मतदारसंघाच्या तत्कालीन खासदार डॉ. भारती पवार २०२१ ते २०२४ या काळात केंद्रात आरोग्य राज्यमंत्री होत्या. आदिवासी भागातील मातांचा प्रश्न दिल्लीपर्यंत पोहोचायला या तालुक्याला अडचण नव्हती. धोरण कमी पडले असेही नाही. कमी पडते ती धोरण आणि प्रसूतिकक्ष यांमधली वाट.

ती बुजवायला फार पैसा लागणार नाही. 'आशा' ज्या सूक्ष्म नियोजनात वाहनाची नोंद करते, त्यातच चार-पाच प्रश्नांची भर घालता येईल. सोबत कोण हवे? बाळ जन्मताच छातीवर घ्यायचे, हे समजावून सांगितले का? पहिला चीक बाळाला पाजायचा, हे घरातील वडीलधाऱ्या बाईला पटले का? इंजेक्शन आणि लसींची माहिती दिली का? नववा महिना लागण्यापूर्वी हा संवाद झाला तर कळा सुरू असताना वाद घालण्याची वेळ येणार नाही. आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्रांलगत प्रसूतीपूर्वी मुक्कामासाठी 'माहेरघर' ही राज्याची योजना आहे. त्या मुक्कामाचा उपयोग या संवादासाठी सहज होऊ शकतो.

खासगी डॉक्टरांनीही बर्थ प्लॅनचा कागद आव्हान म्हणून न घेता प्रश्नपत्रिका म्हणून घ्यावा. कोणती अपेक्षा पाळता येईल, कोणती नाही आणि का नाही, हे दहा मिनिटांत सांगता येते. पालकांनीही तो कागद म्हणजे करारपत्र समजू नये. बाळाचे ठोके मंदावले, रक्तस्राव सुरू झाला, तर कागद बाजूला ठेवून डॉक्टरांना काम करू दिलेच पाहिजे. ठरवलेले सर्व मनासारखे झाले नाही, तरी काय होत आहे हे तिला सांगितले गेले, एवढ्यानेही बाळंतिणीचा धीर टिकतो.

गर्भसंस्काराच्या वर्गांना आज गर्दी होते, डोहाळजेवणे थाटाने होतात, बारशाचे बेत महिनाभर आधी ठरतात. या दोन समारंभांच्या मध्ये असलेल्या त्या एका तासाचा विचार मात्र कुणी करीत नाही. रुग्णालयाचे दार आईसाठी उघडायला आपल्याला पंधरा वर्षे लागली. आता त्या दाराच्या आत तिचे म्हणणे ऐकून घ्यायचे आहे. ते द्राक्षबागाईतदाराच्या लेकीचे ऐकले जाईल आणि बागेत राबणाऱ्या मजूर स्त्रीचेही, तेव्हाच ९५ टक्क्यांचा तो आकडा खऱ्या अर्थाने भूषणावह ठरेल.